बाबांचा सीएलएल : चाचणीच्या दारातून परत, आणि पुढचे बारा महिने

बाबांचा आजार सापडला तो मोतीबिंदूमुळे. जानेवारी २०२१ मध्ये शस्त्रक्रियेआधीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी २८,००० आल्या, त्यांतल्या ७८ टक्के लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा हा एक प्रकार, बी आणि टी पेशी त्यातल्याच). ताप नव्हता, सर्दी नव्हती. मी ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून स्लाइड आधी स्वतः पाहिली. काचेवर रक्त पसरताना फुटून डागासारख्या झालेल्या पेशी, ज्यांना आम्ही स्मज सेल म्हणतो, जागोजागी दिसत होत्या. मग फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी केली. ८,००० रुपये आणि चार दिवस लागले. सीडी१९ असलेल्या बी पेशींवर सीडी५ आणि सीडी२३ एकत्र सापडले, सीडी२० फिकट. सीडी५ ही एरवी टी पेशींची खूण. ती बी पेशींवर अशा जोडीने दिसली की क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल. अशा एकाच वंशाच्या बी पेशी मायक्रोलिटरमागे ५,००० च्या वर आणि तीन महिने टिकून असतील तर निदान पक्कं. बोन मॅरोची सुई त्यासाठी लागत नाही. हाच आजार रक्ताऐवजी मुख्यतः गाठींमध्ये असला तर त्याला स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा म्हणतात, म्हणून दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली तर गोंधळू नका.

हिमोग्लोबिन तेव्हा १३.४, प्लेटलेट १ लाख ९० हजार, गाठ कुठेच नाही. राय स्टेज ०. जोधपूरला जन्मलेल्या डॉ. कांती राय यांच्या नावाची ही वर्गवारी १९७५ ची आहे आणि आजही साध्या सीबीसीवर आणि हाताने चाचपून ठरते. या टप्प्यावर उपचार देत नाहीत. आईचा प्रश्न होता, "कॅन्सर म्हणता आणि औषध देत नाही, हे कसं?" त्याचं उत्तर असं की लक्षणं नसताना लवकर औषध सुरू केलेल्यांचं आयुष्य वाढलेलं संशोधनात दिसलेलं नाही; औषधांचा त्रास मात्र लवकर सुरू होतो. आम्ही एक वही केली. तारीख, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, वजन आणि लिम्फोसाइटचा प्रत्यक्ष आकडा. हा आकडा काही रिपोर्टवर छापलेला नसतो. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटची टक्केवारी, असा तो घरी काढायचा. टक्केवारी ७८ वरून ८५ झाली म्हणून घाबरायचं कारण नसतं. आकडा सहा महिन्यांच्या आत दुप्पट होतोय का, हे पाहायचं असतं.

ही वही साडेतीन वर्षं चालली. जून २०२४ मध्ये हिमोग्लोबिन १०.४, प्लेटलेट ९२ हजार, लिम्फोसाइट १ लाख १० हजार. सहा महिन्यांत वजन ७१ वरून ६३ किलो. रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम, मान आणि काखेत गाठी. प्लेटलेट लाखाच्या खाली म्हणजे राय स्टेज ४. तरी डॉक्टरांनी लगेच औषध लिहिलं नाही. आधी डायरेक्ट कूम्ब्स चाचणी केली, कारण सीएलएलमध्ये शरीर स्वतःच्याच लाल पेशी मोडू लागतं तेव्हाही हिमोग्लोबिन पडतं आणि त्याचा इलाज वेगळा असतो. ती निगेटिव्ह आली. एलडीएच, म्हणजे पेशी मोडल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, तेही पाहिलं. ते अचानक चढलं असतं किंवा एकच गाठ भराभर वाढली असती, तर आजाराचं आक्रमक लिम्फोमात रूपांतर झालंय का हे बघायला पेट स्कॅन आणि बायोप्सी करावी लागली असती.

त्यानंतरच्या तीन तपासण्या उपचाराआधी झाल्याच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. फिश पॅनेल, म्हणजे गुणसूत्रांचे गळालेले तुकडे शोधणारी तपासणी (१४,००० रुपये, दहा दिवस), टीपी५३ जनुकातला बदल, आणि आयजीएचव्ही, म्हणजे आजारी पेशींच्या अँटीबॉडी घडवणाऱ्या जनुकात बदल झालेत का ते (शेवटच्या दोन्ही मिळून ३१,००० रुपये, तीन आठवडे). सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल किंवा टीपी५३ बिघडलेलं असेल तर जुनी केमोथेरपी नीट काम करत नाही. हे आधी कळलं नाही तर रुग्ण सहा महिने फुकट सोसतो. बाबांना फक्त १३क्यू डिलिशन होतं, म्हणजे तेराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला, टीपी५३ शाबूत, आयजीएचव्ही मात्र 'अनम्युटेटेड', न बदललेलं, म्हणजे आजार लवकर परतण्याकडे कल. आयजीएचव्ही आयुष्यात एकदाच करायची, ती बदलत नाही. फिश आणि टीपी५३ मात्र प्रत्येक नव्या उपचाराआधी पुन्हा करावी लागतात.

याच काळात एका संध्याकाळी बाबांचं पोटॅशियम ६.१ आलं आणि घरात धावपळ झाली. ईसीजी नॉर्मल. लिम्फोसाइट लाखाच्या वर असताना त्या पेशी फार नाजूक असतात. दंडाला पट्टा घट्ट बांधून, मूठ उघड-मीट करायला लावून, बारीक सुईने रक्त ओढलं आणि नळी तासभर बाइकच्या डिकीत हिंदकळत गेली की पेशी नळीतच फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी पट्टा सैल ठेवून घेतलेला नमुना मी स्वतः हातात धरून मशीनपर्यंत नेला. ४.४. पेशी जास्त असताना पोटॅशियम चढलेलं दिसलं, तर ईसीजी करून घ्या आणि पुन्हा नमुना द्या, पण घरून नव्हे, जिथे मशीन आहे तिथेच जाऊन.

ठाण्याच्या डॉक्टरांनी नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव दिलं. तिथे पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या सीएलएल रुग्णांसाठी दोन औषधयोजनांची तुलना करणारी क्लिनिकल चाचणी, म्हणजे ट्रायल, सुरू होती. कुणाला कोणती योजना, हे संगणक ठरवणार. डॉक्टर नाही, आम्हीही नाही. बाबांना सगळ्यांत खटकलं ते हेच. कोऑर्डिनेटर मॅडमनी शांतपणे समजावलं की कोणती योजना बरी हे खरोखर ठाऊक नसतं म्हणूनच चाचणी असते. आधीच ठाऊक असतं तर अशी वाटणी करायला एथिक्स कमिटी परवानगीच देत नाही.

चाचणी खरी आहे का हे तपासायची सोय सरकारी आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया २००७ पासून चालू आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या. त्यात वर्ष आणि महिना असतो. साइटवर टाकला की कोणत्या हॉस्पिटलांत चाचणी चालू आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, कुणाला घेणार आणि कुणाला वगळणार, हे सगळं दिसतं.

माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत होतं, २४ पानं. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांप्रमाणे ते रुग्णाला कळणाऱ्या भाषेतच द्यावं लागतं. आम्ही चार दिवस घरी ठेवलं. तिथल्या तिथे सही करा असं कुणी म्हटलं तर थांबा. घरी नेऊन वाचणं हा आपला हक्क आहे. फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न विचारतात, आणि नॉमिनीचं नाव. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, यासाठी तो रकाना असतो. तो वाचून आईने हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटतं हा रकाना कशासाठी आहे हे कुणीतरी आधी तोंडी सांगायला हवं. तो प्रत्येकच संमतीपत्रात कायद्याने असतो. त्याचा अर्थ ही चाचणी जास्त धोक्याची असा नाही. आम्ही पेन्सिलीने चार प्रश्न लिहून नेले. चाचणीमुळे काही बिघडलं तर उपचाराचा खर्च कोणाचा? मधेच सोडायचं ठरवलं तर नेहमीचा उपचार इथेच मिळेल ना? कोणत्या तपासण्या मोफत, कोणत्या आमच्या? घेतलेले नमुने परदेशी जाणार का? चारही उत्तरं छापील मजकुरात होती, फक्त पान सापडत नव्हतं.

२२ जुलै २०२४ ला सही झाली. प्रत्येक वाक्यापुढच्या चौकटीत बाबांची आद्याक्षरं, खाली सही, आणि तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे. ती त्याच दिवशी मागून घ्या.

स्क्रीनिंगला, म्हणजे रुग्ण चाचणीच्या अटींत बसतो का हे पाहायला, २८ दिवसांची मुदत होती. सीटी स्कॅन, ईसीजी, टूडी एको, बोन मॅरो, किडनीचा हिशोब, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. सहीनंतरच्या या तपासण्यांचे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची पनवेल लोकल थेट जाते, आणि रुग्णालयाचं पत्र असलं की कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. बाबा आधी नको म्हणायचे. बोन मॅरोच्या दुसऱ्या दिवशी, कंबर दुखत असताना, स्वतःच त्या डब्याकडे वळले.

९ ऑगस्टला फोन आला. स्क्रीन फेल्युअर, म्हणजे चाचणीत प्रवेश नाही.

कारण हिपॅटायटिस बी. हा विषाणू सध्या शरीरात आहे का हे दाखवणारं बाबांचं एचबीएसएजी निगेटिव्ह होतं, मोतीबिंदूच्या वेळीही तेच पाहिलं होतं आणि आम्ही निर्धास्त होतो. पण अँटी-एचबीसी टोटल, ही अँटीबॉडीची तपासणी, पॉझिटिव्ह आली. म्हणजे आयुष्यात केव्हातरी, बहुधा नकळत, हिपॅटायटिस बी होऊन गेला होता. डॉक्टरांनी आधी विचारलं, "काका, मागच्या काही महिन्यांत इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन लावली होती का?" कारण त्या बाटलीतून दुसऱ्याच्या अँटीबॉडी येतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह होतो. लावली नव्हती. एचबीव्ही डीएनए तपासलं, विषाणू सापडला नाही. तरीही या चाचणीच्या नियमात अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह व्यक्ती बसत नव्हती.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. दार बंद झाल्यासारखं वाटलं. पण नंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. हा विषाणू बरा झाल्यानंतरही यकृताच्या पेशींत दबा धरून राहतो. त्याला दाबून ठेवण्यात बी पेशींचाही वाटा असतो. रिटुक्सिमॅब किंवा ओबिन्युटुझुमॅब ही सीडी२० वर बसणारी औषधं बी पेशी पुसून टाकतात, आणि विषाणू उसळून यकृत निकामी करू शकतो. म्हणजे ज्या तपासणीने बाबांना चाचणीबाहेर काढलं, ती झालीच नसती आणि आम्ही कुठेतरी थेट सलाइन सुरू केली असती, तर तो धोका कुणाच्या लक्षात आला नसता. सीएलएल असो वा लिम्फोमा, ही औषधं सुरू होण्याआधी फक्त एचबीएसएजीवर समाधान मानू नका, अँटी-एचबीसी टोटल करून घ्या. आणि चाचणीसाठी जाणार असाल तर वगळण्याच्या अटी आधीच विचारा. ही साधी रक्ततपासणी आम्ही जूनमध्येच केली असती तर मधले आठवडे वाचले असते.

स्क्रीनिंगचे सगळे रिपोर्ट आणि सीटीची सीडी अर्ज देऊन मागून घेतली. सहा दिवस लागले, पण पुन्हा खर्च करावा लागला नाही. त्यांच्याच आधारावर नेहमीचा उपचार ठरला. एक पर्याय बीटीके, म्हणजे या पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन, रोखणाऱ्या गोळ्यांचा, त्या बहुधा चालतील तोवर घ्यायच्या. दुसरा व्हेनेटोक्लॅक्स आणि ओबिन्युटुझुमॅब, २८ दिवसांची १२ चक्रं आणि मग थांबायचं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सीएलएल१४ या चाचणीत इतर आजार असलेल्या ४३२ रुग्णांमध्ये ही जोडी क्लोराम्ब्युसिल-ओबिन्युटुझुमॅबच्या समोर तपासली होती. दोन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ८८.२ विरुद्ध ६४.१ टक्के होतं. बाबांचा क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, ५८, म्हणजे ते तशाच रुग्णांपैकी. आयजीएचव्ही अनम्युटेटेड असल्याने आजार परतायची शक्यता जास्त, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. तरी संपण्याची तारीख असलेला उपचार बाबांनी निवडला.

१६ ऑगस्टला हिपॅटायटिस बी दाबून ठेवणारं एन्टेकॅव्हिर सुरू झालं, ३० ऑगस्टला युरिक ॲसिड कमी ठेवणारं ॲलोप्युरिनॉल. २ सप्टेंबरला ओबिन्युटुझुमॅबचा पहिला दिवस, फक्त १०० मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी ९००, मग आठव्या आणि पंधराव्या दिवशी १,०००. बीपीची गोळी आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगितली होती, कारण सलाइन चालू असताना बीपी पडू शकतं. आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं औषध. तरीही चाळीस मिनिटांत हुडहुडी भरली, ताप १०२, बीपी ९०/५०. सलाइन थांबवली, औषधं दिली, तासाभराने धिम्या गतीने पुन्हा लावली. पहिल्या डोसला हे बऱ्याच जणांना होतं आणि नर्स त्या तयारीनेच उभ्या असतात. सोबत जाणाऱ्याने जाड चादर न्यावी. आठव्या दिवशी, घरात गणपती असताना, १,००० चा डोस काहीही न होता पार पडला. पंधराव्या दिवसानंतर लिम्फोसाइट १ लाख १० हजारांवरून ३,१०० वर आल्या होत्या.

आधी सलाइन देऊन पेशी कमी करायच्या आणि मगच व्हेनेटोक्लॅक्स, हा क्रम मुद्दाम असतो. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ हे प्रथिन अडवतं, ज्याच्या जोरावर या पेशी मरायचं टाळतात. अडवलं की त्या एकदम मरतात, आणि त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड रक्तात येऊन किडनी आणि हृदयावर आदळतं. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. म्हणून गोळी आठवड्या-आठवड्याने चढवतात. २० मिलिग्रॅम, ५०, १००, २००, ४००. जोखीम गाठीच्या आकारावर आणि लिम्फोसाइटवर ठरते. सीटीत बाबांची सर्वांत मोठी गाठ ५.६ सेंटिमीटर होती. पाच सेंटिमीटरच्या वरची गाठ आणि लिम्फोसाइट २५ हजारांच्या वर असं दोन्ही असतं तर जोखीम मोठी. पेशी उतरल्याने ती मध्यम धरली. किडनी थोडी कमजोर म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांना एकेक रात्र भरती.

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सातला रक्त, ते पाहून साडेनऊला उपमा खाऊन १० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. दुपारी चारला पुन्हा रक्त, दुसऱ्या दिवशी साडेनऊला तिसऱ्यांदा, आणि तो रिपोर्ट पाहूनच पुढची गोळी. फॉस्फरस ३.६ वरून ४.९ झालं, बाकी स्थिर. पायरी चढायचा दिवस सोमवारच ठेवा. शुक्रवार-शनिवारी चढवलं तर चोवीस तासांचा नमुना सुट्टीत अडकतो. गोळी सकाळीच घ्या, म्हणजे सहा ते आठ तासांनंतरचा नमुना लॅब उघडी असताना पडतो. दोन दिवस आधीपासून रोज दीड ते दोन लिटर पाणी. आम्ही अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या ओट्यावर मांडायचो, रात्री रिकाम्या मोजायच्या. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी पुन्हा घ्यायची नाही. विसरली आणि आठ तासांच्या आत आठवली तर घ्यायची, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी.

ग्रेपफ्रूट चालत नाही असं कागदावर लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो, आपल्याकडे कोण खातं! पण पपनस त्याच कुळातलं. गणपतीला आणलेलं एक घरात उरलं होतं, ते वेळीच बाहेर गेलं. स्टारफ्रूटही नाही. ऑक्टोबरमध्ये खोकल्यासाठी बाहेरून क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं. ते यकृतातलं व्हेनेटोक्लॅक्स मोडणारं एन्झाइम बंद करतं, आणि चढत्या पायऱ्यांच्या काळात ते घेणं धोक्याचं. फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम यांचंही तसंच. औषधांची यादी आम्ही बाबांच्या आधार कार्डच्या मागे चिकटवली, कारण कुठेही गेले तरी ते कार्ड निघतंच.

२१ ऑक्टोबरला ४०० मिलिग्रॅम गाठलं. डिसेंबरमध्ये न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ६०० वर घसरले. गोळी नऊ दिवस बंद, त्या पेशी वाढवणाऱ्या फिल्ग्रास्टिमची तीन इंजेक्शनं, मग पुन्हा सुरू. ओबिन्युटुझुमॅबची शेवटची सलाइन २० जानेवारी २०२५ ला झाली. त्यानंतरचे महिने शांत गेले.

विम्याचं मात्र सांगायला हवं. सलाइनचे दिवस डे-केअरमध्ये कॅशलेस झाले. गोळ्यांचा दावा 'ओपीडी खरेदी' म्हणून नामंजूर केला गेला. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत तोंडाने घेण्याची केमोथेरपी आणि मोनोक्लोनल अँटीबॉडीची इंजेक्शनं दोन्ही आहेत. कंपनी त्यावर मर्यादा घालू शकते, पण सरसकट नाकारू शकत नाही. डॉक्टरांचं पत्र, ज्यात निदान, औषध, डोस आणि महिने स्पष्ट, प्रत्येक डब्यावरचा बॅच क्रमांक आणि खरेदीचं मूळ बिल जोडून पुन्हा अर्ज केला. अकरा आठवड्यांनी मर्यादेइतके पैसे आले. पॉलिसीत ही मर्यादा किती ते पहिल्या दिवशीच पाहा. औषधांचे दर साहाय्य योजनांमुळे माणसागणिक बदलतात, म्हणून आमचा आकडा सांगून उपयोग नाही. पूर्ण बारा चक्रांचं कोटेशन लेखी मागा आणि मेडिकल सोशल वर्करला भेटल्याशिवाय पहिली बाटली विकत घेऊ नका.

वेटिंगमध्ये अनेकजण खारघरच्या कार-टी बद्दल, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराबद्दल विचारायचे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याचं काम खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात झालं, हे खरं. पण ते आजार परतलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या बी-सेल लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे. पहिल्या उपचारात ते येत नाही.

३ ऑगस्ट २०२५ ला शेवटची गोळी. नोव्हेंबरमध्ये रक्तातली एमआरडी, म्हणजे उरलेल्या आजारी पेशींची बारीक मोजणी केली. ती लगेच करत नाहीत, किमान दोन महिने जाऊ देतात. दहा हजार पेशींत एकही नाही, असा रिपोर्ट आला. वजन ६९ किलो. वही पुन्हा सुरू आहे, तेच रकाने, दर तीन महिन्यांनी.

एन्टेकॅव्हिर मात्र अजून चालूच आहे. विषाणूची भीती शेवटच्या सलाइननंतरही बराच काळ राहते, म्हणून किमान बारा महिने, आमच्या डॉक्टरांच्या मते अठरा, म्हणजे जुलै २०२६ पर्यंत. तीन महिन्यांनी एचबीव्ही डीएनए आणि यकृताच्या तपासण्या. व्हेनेटोक्लॅक्स पोटभर खाऊन घ्यायचं होतं, ही गोळी मात्र उपाशीपोटी, मागेपुढे दोन तास काही न खाता. त्यामुळे बाबा साडेपाचला उठतात, गोळी घेतात, आणि साडेसातपर्यंत चहाची वाट पाहत गॅलरीत बसतात.